राजा-गुलाम, पण वेगवेगळ्या रंगाचे

पोकरमधे खराब पानं आली की डोक्याला ताप नसतो. सत्ती-दुर्री आली, टाकून दिली, पाणी प्यायला मोकळे. एक्क्यांची जोडी आली तरी ताप नसतो, पैसे लावायचे आणि काय होतंय ते बघायचं. खरा विचार करायला लावतात ती मधली पानं, आणि मधल्यांमधे मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलंय ते राजा-गुलाम ऑफसूटने. म्हणजे इस्पिकचा राजा आणि बदामाचा गुलाम, किंवा चौकटचा राजा आणि किलवरचा गुलाम, असं काहीही, फक्त दोघं एका रंगाचे (म्हणजे एकाच चिन्हाचे) नकोत. दिसायला हा हँड इतका भारदस्त आहे की पानं उचलून कोपरा बघितला की हात आपोआप चिप्सकडे जातो. दोन चित्रं! आणि तरीही नऊ जणांच्या टेबलवर पहिल्यांदा बोलायची पाळी असेल तर हे दोघं मी गुपचूप डीलरकडे सरकवतो, आणि शेजारी बसलेल्या नवीन माणसाला ते दाखवले तर त्याला ते वेडेपणाचं वाटतं. मला त्याला जे सांगावंसं वाटतं पण टेबलवर बसून सांगता येत नाही ते इथे लिहितोय.

टेक्सास होल्डेम ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मग टेबलवर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग अजून एक (रिव्हर), आणि स्वतःची दोन आणि टेबलवरची पाच अशा सातातून ज्याची पाच पानं भारी त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे. दर टप्प्याला पैसे लावायची फेरी होते. नियम एवढेच, बाकी सगळी भानगड पैसे कधी लावायचे आणि कधी नाही याची.

बावन्न पानांतून दोन पानं 1326 प्रकारे येऊ शकतात. त्यातले 12 प्रकार राजा-गुलाम ऑफसूटचे आणि 4 एकाच रंगाचे. म्हणजे साधारण 110 हँडमधे (डावांमधे) एकदा हा पाहुणा येतो, आणि कार्डरूममधे तासाला तीसेक हँड होतात असं धरलं तर तीन-चार तासांनी एकदा. दुर्मिळ नाही, पण अगदी रोजचाही नाही, आणि मधले दोन तास फालतू पानं टाकण्यात गेलेले असले की तो अजूनच देखणा दिसतो. ताकदीचं म्हणाल तर समोर एकच माणूस असेल आणि त्याच्याकडे कुठलीही दोन पानं असतील तर राजा-गुलाम ऑफसूट साधारण 60 टक्के वेळा जिंकतो. हा आकडा खोटा नाही. पण समोरचा माणूस कुठलीही दोन पानं घेऊन पॉटमधे येत नाही, तो निवडून येतो, आणि सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

आपल्यापैकी बहुतेक मराठी लोक पत्ते शिकले ते मेंढीकोट, झब्बू, रमी आणि दिवाळीतल्या तीन पत्तीवर. मी पण तसाच. सुट्टीत आजोळी दुपारभर मेंढीकोट चालायचा आणि माझा थोरला मामा शिकवायचा की एक्का पडून गेला का ते लक्षात ठेव, एक्का गेला की तुझा राजा मोठा. त्या खेळात राजाची ताकद राजातच असते. कोणी हुकूम मारला तर गोष्ट वेगळी, नाहीतर मोठं पान म्हणजे मोठं पान. तीन पत्तीतही तसंच, मला राजांची जोडी लागली तर ते दोन्ही राजे माझ्या हातात आहेत, माझी जोडी लागली म्हणून तुझी पानं काही सुधारत नाहीत. आणि मला वाटतं म्हणूनच तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला होल्डेममधे चित्रांचा मोह फार पडतो. आमच्या वीकेंडच्या घरच्या गेममधे (सॅन होजेच्या आसपास राहणारी आम्ही सगळी मराठी मंडळी, वीस-वीस डॉलर काढून बसतो) एक मित्र दर वेळी म्हणतो, अरे दोन चित्रं आहेत, दोन चित्रं कशी टाकू? त्याचं म्हणणं मला मनापासून कळतं.

पण होल्डेममधे टेबलवर पडलेला राजा माझ्या एकट्याचा नसतो! तो सगळ्यांचा असतो. मला ज्या क्षणी राजांची जोडी लागते त्याच क्षणी एक्का-राजा आणि राजा-राणी घेऊन बसलेल्यालाही राजांची जोडी लागलेली असते, आणि मग निकाल लागतो तो उरलेल्या पानावर, ज्याला किकर म्हणतात. माझा किकर गुलाम, त्याचा एक्का किंवा राणी. मी हरलो. आणि थोडेथोडके नाही हरलो, कारण जोडी लागली नसती तर मी एक पैसाही लावला नसता. हा हँड चुकतो तेव्हा नुकसान करत नाही, बसतो तेव्हा करतो, आणि हे एकदा डोक्यात शिरलं की पत्त्यांकडे बघायची नजरच बदलते.

नुसतं तोंडाने नको, मोजून बघू. समजा पहिल्या-दुसऱ्या जागेवरून एका सावध माणसाने रेझ केला (पैसे वाढवले), मी राजा-गुलाम घेऊन कॉल केला (तेवढेच पैसे लावले), बाकी सगळे फोल्ड (पानं टाकून मोकळे). त्याच्याकडे काय काय असू शकतं? एक्क्यांपासून अठ्ठ्यांपर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी, एवढंच धरू. फ्लॉप आला राजा-अठ्ठी-तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगाची. आता मोजा. एक राजा माझ्याकडे, एक टेबलवर, उरले दोन. म्हणजे एक्का-राजाचे 8 प्रकार, राजा-राणीचे 8, एक्क्यांच्या जोडीचे 6, अठ्ठ्यांच्या जोडीचे 3 (त्याला तीन अठ्ठ्या लागल्यात), आणि राजांच्या जोडीचा 1. एकूण 26 प्रकार मला हरवतायत. आता मी पुढे असलेले बघा: राण्यांच्या जोडीचे 6, गुलामांच्या जोडीचे 3, दश्श्यांचे 6, नव्व्यांचे 6, आणि एक्का-राणीचे 16, ज्यांना काहीच लागलेलं नाही. एकूण 37. म्हणजे 63 पैकी 37 वेळा मी पुढे आहे! सावध माणसाच्या रेझविरुद्ध, फ्लॉपवर, मी पुढे.

मग अडचण काय? अडचण अशी की ते 37 थांबत नाहीत. मी पैसे लावले की एक्का-राणी लगेच जाते. नव्व्या, दश्श्या एक फेरी बघतात आणि टर्नला निघून जातात, टेबलवर राजा दिसतोय, ते कशाला थांबतील? राण्या जरा चिवट असतात, पण तिसऱ्यांदा पैसे लावले की त्याही सोडतात. आणि ते 26? ते कुठेच जात नाहीत, उलट खुश असतात. म्हणजे पॉट जसजसा मोठा होत जातो तसतसे माझ्यापेक्षा कमी असलेले लोक गळत जातात आणि माझ्यापेक्षा भारी तेवढे उरतात. छोटा पॉट मी जिंकतो, मोठा पॉट हरतो. पोकरमधे मला समजलेल्या गोष्टींमधे ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, सुंदर हाच शब्द वापरेन मी, कारण ती गणितात आहे आणि माणसाच्या स्वभावातही आहे, आणि दोन्ही एकाच वेळी दिसतात.

गंमत म्हणजे गुलाम लागला तर परिस्थिती जरा बरी असते. गुलाम-सत्ती-दुर्री असा फ्लॉप आला तर माझा किकर राजा, त्याच्यावर फक्त एक्का-गुलाम. राणी-गुलाम, गुलाम-दश्शी असले लोक मला आनंदाने पैसे देतात. अर्थात वरच्या जोड्या, म्हणजे राण्या, राजे, एक्के, त्या हरवतातच. पण नवीन माणसाला विचारलं की कुठलं पान यावंसं वाटतं, तर तो शंभर टक्के राजा म्हणेल.

आता जागेबद्दल, कारण हा हँड जागेशिवाय अर्धाच आहे. माझ्याकडे राजा-गुलाम आहे हे धरून मी एकदा हिशोब केला की मला खरोखर जड जाणारे हँड किती: एक्के 6, राजे 3, राण्या 6, गुलाम 3, एक्का-राजा 12, एक्का-गुलाम 12, राजा-राणी 12. एकूण 54, आणि उरलेल्या पन्नास पानांतून दोन निवडायचे प्रकार 1225. म्हणजे एका माणसाकडे असलं काही असायची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आत. फारच कमी वाटते ना? पण नऊ जणांत पहिल्या जागेवर बसलो असेन तर माझ्या मागे आठ जण बोलायचे आहेत, आणि आठांपैकी निदान एकाकडे तरी यातलं काही असायची शक्यता ढोबळमानाने 30 टक्के होते. तोच मी बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर) असेन आणि सगळे फोल्ड करत माझ्यापर्यंत आले असतील तर मागे फक्त दोन ब्लाइंड (पानं बघण्याआधीच ठरलेले पैसे टाकावे लागतात ते दोघं, स्मॉल आणि बिग), शक्यता 9 टक्क्यांच्या आत. पानं तीच, माणूस तोच, रात्र तीच. फक्त खुर्ची बदलली. शिवाय बटनवर असलं की फ्लॉपनंतर दर फेरीला शेवटी बोलायला मिळतं, समोरच्याने काय केलं ते बघून ठरवता येतं, पॉट छोटा ठेवायचा तर चेक करून (पैसे न लावता) पुढचं पान फुकट बघता येतं. वरती म्हटलं ना, छोटा पॉट आपला, मोठा पॉट त्यांचा? तर पॉट किती मोठा होऊ द्यायचा हे शेवटी बोलणाऱ्याच्या हातात जास्त असतं, म्हणून बटनवर हाच हँड मी बिनधास्त रेझ करतो, आणि पहिल्या जागेवर तेवढ्याच शांतपणे टाकतो.

मधल्या जागांबद्दल मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. आजकाल सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअर आहेत, प्रत्येक जागेवरून प्रत्येक हँडचं काय करावं ते ती मोजून सांगतात, आणि तिथेही राजा-गुलाम ऑफसूट नेमका सीमेवर सापडतो, सहा जणांच्या टेबलवर एक, नऊ जणांच्या टेबलवर दुसरं, टेबलवर रेक (कार्डरूमचा वाटा) किती कापला जातो त्यावरून तिसरं. मला हे आवडतं. ज्या हँडबद्दल यंत्राचंही परिस्थितीनुसार मत बदलतं तो हँड खेळताना माणसाला काहीतरी करायला शिल्लक राहतं.

सॉल्व्हर यायच्या आधीही लोकांना हे कळलेलं होतं. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मॅल्मुथ या दोन पोकर लेखकांनी सुरुवातीच्या हँडचे आठ गट पाडले होते, त्यात एका रंगाचे राजा-गुलाम तिसऱ्या गटात आणि वेगळ्या रंगाचे थेट पाचव्या. दोन गट खाली, फक्त रंग जुळला नाही म्हणून. आणि इथे लोक गोंधळतात, कारण शेवटपर्यंत पानं उघडली तर दोघांच्या जिंकण्यात फरक जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा आहे. मग एवढा भेद का? कारण एका रंगाचे असतील तर फ्लॉपवर दहा-अकरा टक्के वेळा कलरचा ड्रॉ (एकच पान कमी असलेला कलर) मिळतो, म्हणजे जोडी न लागताही लढत राहायला कारण मिळतं, आणि कलर पूर्ण झाला तर मोठा पॉट जिंकणारं काहीतरी हातात येतं. ऑफसूटला हा दुसरा रस्ताच नाही. त्याला बहुतेक वेळा जोडीवरच जगायचं असतं, आणि जोडीचं काय होतं ते आपण बघितलंच. फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही लागायची शक्यता साधारण तीनात एकदा, आणि राजा आणि गुलाम दोन्ही एकदम लागायची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. त्या दोन टक्क्यांच्या आठवणी मात्र फार वर्षं टिकतात. जुना नामांकित खेळाडू डॉइल ब्रन्सन असल्या पानांना ट्रबल हँड्स म्हणायचा, त्रास देणारी पानं, आणि त्यात राजा-गुलाम होताच. आणि तरी याच ब्रन्सनने 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली तेव्हा दोन्ही वेळा शेवटच्या हँडला त्याच्याकडे दश्शी-दुर्री होती, आणि दोन्ही वेळा फुल हाउस (तीन एकसारखी आणि दोन एकसारखी पानं) झालं. दश्शी-दुर्रीला पोकरमधे आजही त्याच्या नावाने ओळखतात. यात विरोधाभास नाही. समोर एकच माणूस उरलेला असताना खेळ वेगळा होतो, पानांच्या किमती सगळ्या वर सरकतात.

टेबलवरचं पान सगळ्यांचं असतं हे कोणाला एका हँडमधे बघायचं असेल तर त्याने याच स्पर्धेचा 1988 चा शेवटचा हँड बघावा. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोमधे जॉनी चॅन आणि एरिक सायडेल, दोघंच उरलेले. चॅन आदल्या वर्षीचा विजेता, सायडेल तेव्हा तसा नवखा. सायडेलकडे राणी-सत्ती ऑफसूट, चॅनकडे किलवरचे गुलाम-नव्वी. राणी-सत्ती हा बरोब्बर मधला हँड मानतात, कुठल्याही दोन पानांविरुद्ध 52 टक्क्यांच्या आसपास जिंकतो, आणि दोघांच्या खेळात तो खेळण्यासारखा आहेच. फ्लॉप आला राणी-दश्शी-अठ्ठी. सायडेलला टेबलवरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी लागली, आणि त्याच राणीने चॅनची सिक्वेन्स पूर्ण केली: अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. एकच राणी! तिने एकाला आशा दिली आणि दुसऱ्याला पॉट. शेवटच्या पानावर सायडेल ऑल-इन गेला (उरलेले सगळे पैसे लावले), चॅनने कॉल केला, संपलं. मला दर वेळी बघताना सायडेलबद्दल अपार आदर वाटतो, कारण तो हँड नंतर हजारो वेळा दाखवला गेला आणि हा माणूस त्यानंतर खेळत राहिला आणि पुढे दहा ब्रेसलेट (वर्ल्ड सीरिजमधली स्पर्धा जिंकली की मिळतं ते) जिंकून बसला.

त्याच स्पर्धेच्या 2003 च्या शेवटच्या हँडचंही तसंच. क्रिस मनीमेकर, 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) आलेला अकाउंटंट, 839 खेळाडूंत शेवटच्या दोघांत, समोर सॅम फार्हा. शेवटच्या हँडला फार्हाकडे गुलाम-दश्शी, मनीमेकरकडे पाच-चार, दोघांचेही ऑफसूट. फ्लॉप गुलाम-पाच-चार. फार्हाला परत तेच, सगळ्यात वरची जोडी, आणि समोर दोन जोड्या. रिव्हरला अजून एक पंजी आली, फुल हाउस, पंचवीस लाख डॉलर. लोक या हँडची गोष्ट सांगताना पाच-चारबद्दल बोलतात. मला त्यात गुलाम-दश्शी दिसते. टॉप पेअर लागली, दोघांच्या खेळात ती भक्कम असते, फार्हाने जे केलं ते दहापैकी नऊ चांगल्या खेळाडूंनी केलं असतं.

पुण्यातल्या मित्रांशी हल्ली यावर बोलणं होतं तेव्हा सूर जरा उदास असतो. 2025 च्या ऑगस्टमधे केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, आता ज्याला खेळायचंय तो गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर. कायद्यामागची काळजी मला पटते, कर्जात बुडालेली पोरं मीही ऐकलीत, पोकरही माणसाला बुडवू शकतो हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त एवढंच वाटतं की ज्यांना हा विचार करायला आवडतो त्यांनी शेंगदाणे किंवा बटणं लावून का होईना, घरी बसून खेळत राहावं. जागेचा हिशोब शेंगदाण्यांवरही शिकता येतो.

टाकलेल्या पानांबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याच्याइतकं मन खाणारं काही नाही. पहिल्या जागेवर राजा-गुलाम टाकले आणि फ्लॉप आला राजा-गुलाम-चौकी. आमच्या गेममधे असं झालं की तो मित्र माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याचेच पैसे बुडवले. बघ, खेळला असतास तर! हो, या वेळी जिंकलो असतो, हे खरं आहे. पण टाकायचं ठरवलं तेव्हा टेबलवर राजाही नव्हता आणि गुलामही नव्हता, मागे फक्त आठ जण होते. मला जे माहीत होतं त्यावर मी ठरवलं. घरी काय किंवा ऑफिसात काय, नंतर उघडलेल्या पानावरून आधीचा निर्णय जोखायची सवय आपल्याला इतकी लागलेली आहे की ती सुटायला पोकरसारखी शाळा नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि सगळं गणित सांगून झाल्यावर माणूस उरतोच. इथल्या कार्डरूममधे एक वयस्कर व्हिएतनामी गृहस्थ नेहमी भेटतात, बहुधा निवृत्त, अतिशय सभ्य, तासन्‌तास एकही हँड खेळत नाहीत. त्यांनी रेझ केला की मी बटनवर असलो तरी राजा-गुलाम टाकतो, क्षणभरही विचार न करता, कारण त्यांच्या रेझमधे वर मोजलेल्या 54 जड हँड सोडून फारसं काही नसतंच. त्यांच्याच शेजारी कधी कधी एक तरुण मुलगा बसतो, हेडफोन लावून, दर दुसऱ्या हँडला रेझ. त्याने रेझ केला तर हेच राजा-गुलाम घेऊन मी त्याच्यावर परत रेझ करतो, कारण त्याच्याकडे राजा-नव्वी, गुलाम-अठ्ठी, राणी-दश्शी सगळं असू शकतं, आणि माझ्या हातातल्या एका राजामुळे आणि एका गुलामामुळे त्याच्याकडे राजांची किंवा गुलामांची जोडी असायचे प्रकारही सहावरून तीनवर आलेले असतात. एका टेबलवर, एकमेकांना खेटून बसलेली दोन माणसं, आणि माझ्या पानांची किंमत दोघांसमोर पूर्ण वेगळी.

बिग ब्लाइंडमधे गोष्ट सोपी होते, तीन डॉलर आधीच टाकलेले असतात, बटनने नऊ केले आणि स्मॉल ब्लाइंड गेला तर तेरा डॉलरच्या पॉटसाठी सहा द्यायचे, म्हणजे बत्तीस टक्क्यांच्या आसपास जिंकलो तरी बरोबरी. बटनच्या सैल रेझविरुद्ध राजा-गुलामकडे त्याहून बरंच जास्त असतं, कॉल करायचाच, कधी कधी परत रेझही. स्मॉल ब्लाइंडमधे मात्र मित्राचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. तो म्हणतो एक डॉलर टाकलाय ना आधीच, कॉल कर, फ्लॉप बघ. मी म्हणतो तिथे फ्लॉपनंतर दर फेरीला पहिल्यांदा बोलावं लागतं, मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा बाकी आहे, रेझ कर नाहीतर टाक, मधलं काही नको. गेल्या वेळी यावर रात्री दीडपर्यंत चाललं होतं, वहिनींनी शेवटी दिवा बंद करायची धमकी दिली, आणि येत्या शनिवारी तो माझ्या त्या 54 च्या हिशोबाऐवजी स्मॉल ब्लाइंडचा स्वतःचा हिशोब कागदावर मांडून आणणार आहे.